वाटाण्याचं रोप आणि १२० हर्ट्झ

"१२० हर्ट्झचा मॉनिटर घेतला तर फरक कळतो का रे?" ऑफिसच्या कॅन्टीनमधला नेहमीचा प्रश्न. त्यावर कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच, की डोळ्याला सेकंदाला चोवीसच्या वर फ्रेम्स दिसतच नाहीत. मंडळी, हा चोवीस डोळ्यातून आलेला नाही!

१९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि अंतराअंतराने एकेक फ्रेम घेत त्याचं रोप होताना टिपलं. भांडवल देणाऱ्यांना पटवायला हीच फिल्म कामी आली. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला साधारण १६ फ्रेम्स. हालचाल दिसायला तेवढं पुरतं, पण पडदा लुकलुकतो. त्यावर उपाय म्हणजे प्रोजेक्टरच्या शटरला तीन पाती. एकच फ्रेम तीनदा दाखवायची, झाले ४८! (फ्रेम रेट वेगळा आणि रिफ्रेश रेट वेगळा, हे पणजोबांच्या काळीच ठाऊक होतं म्हणायचं.) चोवीस ठरला तो बोलपटांमुळे. आवाज बरा यावा आणि फिल्मही फार खर्ची पडू नये, असा निव्वळ हिशोबी आकडा.

पुढे जुन्या डबडा मॉनिटरवर ६० हर्ट्झला डोकं दुखायचं, म्हणून आपण ७५ किंवा ८५ करायचो. एलसीडी आले, ती लुकलुक गेली आणि ६० पुन्हा चालू लागलं. मग १२० कशाला?

कोकण रेल्वेची न थांबणारी गाडी संगमेश्वर रोड स्टेशनातून जाताना खिडकीतून बघा. पाटीबरोबर नजर फिरवली तर नाव वाचता येतं, नजर एका जागी ठेवली तर नुसता पिवळा पट्टा. स्क्रोल करताना नजर अशीच ओळीबरोबर सरकत असते. पण ओळ सरकत नाही! ६० हर्ट्झवर ती १६.७ मिलिसेकंद जागीच थांबते, मग उडी मारते. तेवढ्यात नजर पुढे गेलेली, म्हणून अक्षरं फासल्यासारखी दिसतात. १२० वर हा थांबा ८.३ मिलिसेकंदांचा, फासणंही निम्मं. हा फरक दिसतो, आणि दिवसभर कोड वर-खाली करणाऱ्याला तर चांगलाच. २४० ला वाचतात आणखी जेमतेम चार मिलिसेकंद. त्यासाठी जास्तीचे पैसे गेमर मंडळींनी खुशाल मोजावेत, मी नाही मोजणार.

सिनेमावाल्यांचाही फायदा आहे. ६० ला २४ ने भाग जात नाही, म्हणून फ्रेम्स तीनदा-दोनदा अशा आलटूनपालटून दाखवाव्या लागतात आणि कॅमेरा संथ फिरताना चित्र अडखळतं. १२० मध्ये प्रत्येक फ्रेम बरोबर पाचदा.

आणि हो, नवा मॉनिटर जोडल्यावर डिस्प्ले सेटिंग उघडून बघा. पुष्कळदा तो गुपचूप ६० वरच चालू असतो.