जीवाश्म शोधायचे तर नदीकाठी
पुण्याची मंडई १८८६ साली उभी राहिली. ती ज्या काळ्या पाषाणावर उभी आहे, तो सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तप्त लाव्हात जीवाश्म सहसा टिकत नाहीत. म्हणून मंडईतून भूशास्त्रीय सहल काढायची, तर नदीकाठचा गाळच गाठावा लागतो. गोदावरीच्या अशाच गाळातल्या प्राचीन हत्तीची नोंद पिलग्रिम यांनी १९०५ साली केली. आपल्याला जवळचे ठिकाण म्हणजे जुन्नर तालुक्यातले कुकडीकाठचे बोरी. तिथे ज्वालामुखीची राख आणि अश्मयुगीन हत्यारे मिळाली. राख ७५ हजार वर्षांची की कित्येक लाख वर्षांची, यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि हत्यारांचे वयही त्यावरच ठरते. सहल उन्हाळ्यात, पाणी ओसरल्यावर काढावी. थर पाहावा, टिपून घ्यावा. हाड मात्र उचलू नये. थरातून सुटलेले हाड आपला काळ सांगू शकत नाही.