चार अक्षरांतली आई

एस.एन.डी.टी. ही चार अक्षरे आपण इतक्या सवयीने उच्चारतो की त्यांत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे एका आईचे नाव आहे, याचा विसर पडतो. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ काढले, तेव्हा विद्यार्थिनी होत्या ५. शासनमान्यता नव्हती. अशा विद्यापीठास गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली १५ लाखांची देणगी दिली. साडेतीन टक्क्यांनी वर्षाचे व्याज ५२,५०० रुपये. विद्यापीठास आईचे नाव द्यावे ही त्यांची अट.

अटीचे दान म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. आम्हांस मात्र या पैशाने मिळवून दिलेली सवड मोलाची वाटते. शासनमान्यता मिळाली थेट १९५१ साली. तोवर मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचा कर्व्यांचा आग्रह तगला, त्यात या व्याजाचा मोठा वाटा आहे. मराठीच्या अध्यापकांनी तरी हे ऋण मानावे.

विठ्ठलदास १९२२ साली वारले. दानकथा बहुधा इथेच संपतात. ही संपली नाही, ती त्यांच्या पत्नी लेडी प्रेमलीला यांच्यामुळे. १९३३ साली गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण केले ते त्यांच्या पुण्यातील पर्णकुटीत. इतिहासात त्यांचा उल्लेख येतो तो बहुधा एवढाच. पण विद्यापीठाचे काम त्यांनी आयुष्यभर अंगावर घेतले. मान्यतेनंतरच्या पहिल्या कुलगुरू त्याच. सासूच्या नावाचे विद्यापीठ सुनेने चालविले.