गोदावरीपल्याडचा विमानतळ

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ, सिरोंचा हे तालुक्याचे गाव आहे. जिल्ह्याचे ठिकाण येथून सुमारे 200 किलोमीटर. नागपूर त्याहूनही कितीतरी पुढे. म्हणून ज्यास विमानाने दूरदेशी जावयाचे आहे, तो येथील माणूस बहुधा उत्तरेकडे वळत नाही. तो गोदावरी ओलांडतो, महाराष्ट्राची सीमा मागे टाकतो आणि वरंगळमार्गे हैदराबादची वाट धरतो. मग तो आखातात कामास निघालेला तरुण असो की रोमला शिक्षणासाठी निघालेला धर्मगुरू. ही वाट नवी वाटली तरी ती सीमा फार जुनी आहे, आणि तिची कथा आपल्या कुटुंबांनी जाणून घ्यावी असे आम्हांस वाटते.

1860 च्या तहाने निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरील मुलूख इंग्रजांस दिला. त्यातून अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा निर्माण झाला आणि सिरोंचा त्याचे मुख्य ठिकाण झाले. सर आर्थर कॉटन यांच्या कल्पनेनुसार गोदावरीतून नावा चालवून मध्य प्रांताचा कापूस थेट समुद्रास पोचविण्याचा घाट त्या काळी घातला गेला होता. नदीपात्रातील खडकांवर मात करण्यासाठी बंधारे आणि कालवे यांचे काम वर्षानुवर्षे चालले. खर्च वाढत गेला, मध्य प्रांतात रेल्वे आली आणि 1871 साली ही योजना सोडून देण्यात आली. 1874 मध्ये तो जिल्हाही मोडला आणि सिरोंचाचा भाग चांदा जिल्ह्यात विलीन झाला. जे गाव जगाच्या वाटेवर येणार होते, ते रानाच्या शेवटास जाऊन पडले.

नदीपल्याड निजामाचे राज्य होते. तेथील टपाल निराळे, हाली शिक्क्याचे नाणे निराळे, आणि सीमेवर मालास करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. चांदा शहराच्या बाजूसही तेच. वर्धा नदी ओलांडली की राजुरा, आणि राजुरा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात. 1945 साली निजाम सरकार आणि टाटा यांनी मिळून डेक्कन एअरवेज ही कंपनी काढली आणि हैदराबादच्या बेगमपेठेहून तिची विमाने उडू लागली. 1949 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत आणि तेथे टपालाची व उतारूंची अदलाबदल होई. अरण्याच्या दोन बाजूंस अशी दोन विमानतळे जागी झाली. मधल्या रानातील माणसास मात्र दोन्ही सारखीच दूर होती.

पुढे सीमा वारंवार बदलल्या. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाचे राज्य संपले. 1956 मध्ये राजुरा मुंबई राज्याच्या नांदेड जिल्ह्यात आला आणि 1959 मध्ये चांद्यास जोडला गेला. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1982 मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि 2014 मध्ये पल्याडचा तीर तेलंगणाचा झाला. नदी होती तेथेच राहिली. काठावरच्या पाट्या तेवढ्या बदलल्या.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही ही नदी आहे. 1962 साली चांदा मिशन सिरो-मलबार चर्चच्या सी.एम.आय. धर्मगुरूंकडे सोपविण्यात आले आणि 1977 साली त्याचा धर्मप्रांत झाला. 1999 साली आदिलाबादचा धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत महाराष्ट्रातील मराठी गावे आणि पल्याडची तेलुगू गावे एकाच मेंढपाळाच्या कळपात होती. पुढे धर्मप्रांताची सीमा राज्याच्या सीमेवरून गेली, तरी दोन्ही तीरांवर प्रार्थना त्याच एका प्रभूला पोचते.

2008 साली हैदराबादचा विमानतळ बेगमपेठेहून शमशाबादला गेला. 2016 साली सिरोंचा आणि काळेश्वर यांच्यामध्ये गोदावरीवर पूल खुला झाला. ज्या पात्रापुढे पावसाळ्यात नावेची वाट पाहावी लागे, ते आता मोटारीतून काही मिनिटांत ओलांडता येते. मात्र मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीत राज्यांच्या सीमा बंद झाल्या, विमानेही थांबली, आणि जिचा विसर पडला होता ती रेषा पुन्हा जागी झाली. पुलाने नदी जिंकली तरी सीमा उघडी ठेवणे माणसांच्याच हाती असते, हे त्या दिवसांनी दाखवून दिले.

तरीही आमच्या मते खरी सीमा आणखी आत आहे. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क कित्येकदा तुटला आहे. तेथील आजारी माणसास विमानतळ नव्हे, दवाखाना गाठावयाचा असतो, आणि त्याची पहिली सीमा म्हणजे गावाबाहेरचा ओढा. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी येथे वाट आखली, त्यांच्या डोळ्यांपुढे कापूस होता, माणूस नव्हता. आज महामार्ग आखताना तीच चूक होऊ नये. आपल्यापैकी ज्यांची मुले हा पूल ओलांडून विमानात बसतात, त्यांनी मागे राहिलेल्या त्या ओढ्याचीही आठवण ठेवावी. जखमी वाटसरूस पाहून जो थांबला, तो शोमरोनी परक्या मुलखातलाच होता.