तोफेच्या कान्यातील मेण : पर्जन्यकाळ, गंज आणि आज्ञापत्र

१/ किल्ल्याचा शत्रू म्हटला की वेढा घालून बसलेली फौज डोळ्यांसमोर येते. सह्याद्रीतील किल्ल्यांना मात्र आणखी एक शत्रू होता. तो दरवर्षी मृगाबरोबर येई, चार महिने मुक्काम ठोकी आणि एकही गोळी न झाडता तोफा निकामी करू शके. तो शत्रू म्हणजे गंज.

२/ या शत्रूचा बंदोबस्त १७१५ च्या आज्ञापत्रात सांगितला आहे. राजनीतीवरील हा ग्रंथ कोल्हापूरच्या गादीवरील दुसऱ्या संभाजीराजांच्या काळातला. त्याचे कर्तृत्व सामान्यतः रामचंद्रपंत अमात्यांकडे दिले जाते. शिवछत्रपतींचा कारभार जवळून पाहिलेला आणि राजाराम महाराज जिंजीस असताना महाराष्ट्राचा भार वाहिलेला हा मुत्सद्दी.

३/ अमात्य घराण्याची जहागीर बावड्याची, म्हणजे आजच्या गगनबावड्याची. घाटमाथ्यावरील हा मुलूख कोल्हापूर जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाच्या भागांत मोडतो. धुक्यात बुडालेल्या गडावर धातूची काय दशा होते, हे या घराण्याला कोणी शिकवावे लागले नसणार.

४/ आज्ञापत्रातील दुर्गप्रकरणात याविषयीची आज्ञा थोडक्यात येते. पर्जन्यकाळी तोफांना आणि दरवाज्यांना तेल व मेण द्यावे. तोफांचे काने मेणाने भरावेत. तोफ पूर्ण झाकेल असे झापे तिच्यावर घालावेत. कामे तीनच, परंतु प्रत्येकामागे स्वतंत्र कारण आहे.

५/ प्रथम काना. तोफेच्या मागील अंगास, आतल्या दारूला बत्ती देण्यासाठी ठेवलेले हे छिद्र. त्यातून शिरलेले पाणी थेट नळीच्या तळाशी, दारू ठासण्याच्या जागी पोहोचते. बाहेरचा गंज दिसतो आणि घासून काढता येतो. आतला दिसत नाही. त्यात जळलेल्या दारूचे क्षार उरलेले असतील, तर ते ओल शोषून धातूला अधिकच पोखरतात. अशी कमकुवत झालेली तोफ फुटली, तर बळी शत्रूचा नव्हे, गोलंदाजाचा जातो.

६/ मग तेल-मेण. पितळी किंवा कांशाच्या तोफेवर कालांतराने जो थर चढतो, तो धातूला घट्ट चिकटून आतल्या भागाचे बरेचसे रक्षण करतो. लोखंडाचे तसे नाही. गंज सच्छिद्र असतो, फुगतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा हवेसमोर उघडे पडते. म्हणून थर बाहेरूनच द्यावा लागतो. तेल बारीक खाचांत शिरते. मेण उडून जात नाही आणि पाण्याला थारा देत नाही.

७/ झापे घातल्यावर तेलाची गरज काय, असा प्रश्न पडेल. त्याचे शास्त्रीय उत्तर दोन शतकांनी मिळाले. १९२० आणि १९३० च्या दशकांत ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी लोखंड वेगवेगळ्या आर्द्रतेच्या हवेत ठेवून पाहिले. हवेत गंधकाच्या धुराचा अंश असताना सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांखाली राहिली, तर गंज जेमतेम चढे. त्यावर गेली की तो झपाट्याने वाढे.

८/ म्हणजे लोखंड गंजण्यासाठी त्यावर पाऊस पडावाच लागतो असे नाही. दमट हवेतील अदृश्य पाण्याचा थरही पुरतो. आषाढ-श्रावणात घाटमाथ्यावरची हवा ही मर्यादा सहज ओलांडते. झापे थेंब अडवतात, हवा अडवू शकत नाहीत. ते काम तेल-मेणाचे.

९/ या आज्ञेचे खरे महत्त्व आणखी एका गोष्टीत आहे. लोखंडाला तेल लावावे हे कोणत्याही लोहाराला ठाऊक होते. आज्ञापत्राने ते राज्याच्या शिस्तीत आणले. त्याच प्रकरणात दारू आणि बाण दर आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे व पुन्हा बंदोबस्ताने ठेवावेत, अशीही आज्ञा आहे. ते कारागिराच्या मर्जीवर सोडलेले नाही; हवालदाराने जातीने पाहायचे आहे.

१०/ कारण हानी मोठी होती. चांगल्या तोफा दुर्मीळ. त्यांसाठी अनेकदा युरोपीय व्यापाऱ्यांकडे पाहावे लागे. पावसाळ्यात मोहिमा थंडावत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन होई. चार महिन्यांची हेळसांड नेमकी तेव्हाच उघडी पडे, जेव्हा दुरुस्तीला उसंत नसे. खंडेनवमीला शस्त्रे घासूनपुसून पूजेला मांडली जात, तीही पाऊस सरल्यावरच.

११/ आज कोकणातील एखाद्या वर्कशॉपमध्ये जूनच्या आरंभी लेथच्या बेडवर तेलाचा हात फिरतो, व्हर्नियर तेलकट कागदात गुंडाळून पेटीत जातो. तत्त्व तेच आहे : पाणी आणि लोखंड यांच्यामध्ये काहीतरी ठेवा, आणि ते पाऊस येण्याआधी ठेवा. किल्ले शौर्याने जिंकले जात. ते टिकत मात्र कोणीतरी वेळेवर कान्यात मेण भरल्यामुळे.

(थ्रेड समाप्त)