मोंबासाचा किल्ला : दगडांची तालीम



आपल्या कोकणातील कितीतरी कुटुंबे रोजीरोटीसाठी पूर्व आफ्रिकेत गेली. तेथील केनिया देशात, मोंबासाच्या जुन्या बंदराच्या तोंडाशी, पोर्तुगीजांनी बांधलेला 'फोर्ट जीझस' हा किल्ला उभा आहे. त्याचे बांधकाम १५९३ मध्ये सुरू झाले. आराखडा इटालियन वास्तुशिल्पी काइराती याचा. तो १५९६ मध्ये गोव्यात मरण पावला.

या किल्ल्याच्या इतिहासातील एक प्रकरण शिक्षणाशी निगडित आहे. १६१४ मध्ये मोंबासाचा सुलतान हसन पोर्तुगीजांच्या चिथावणीने मारला गेला. त्याचा लहानगा मुलगा यूसुफ याला गोव्यास नेले, ख्रिस्ती केले, जेरोनिमो हे नाव दिले, आणि पाद्र्यांच्या हाताखाली शिकवले. पुढे त्याला मोंबासाच्या गादीवर बसवले. परंतु किल्ल्याचे अधिकारी त्याचा पदोपदी अपमान करीत. १६३१ मध्ये त्याने किल्लेदाराला ठार केले, किल्ला घेतला आणि तो पुन्हा मुसलमान झाला. त्या वेळी, धर्म सोडण्यास नकार देणारे निरपराध लोकही मारले गेले. हेही आपण प्रांजळपणे सांगितले पाहिजे. बालकावर लादलेला धर्म जसा गैर, तशीच ही कत्तलही गैर.

१६३२ मध्ये यूसुफ किल्ला सोडून गेला व पोर्तुगीज परतले. १६३५ मध्ये नव्या किल्लेदाराने दरवाजावर आपल्या पराक्रमाचा शिलालेख कोरविला. यूसुफची बाजू कोणी कोरली नाही. म्हणून मुलांनो, इतिहास वाचताना विचारा : हे कोणी लिहिले, आणि कोणाला लिहू दिले नाही?

पुढे १६९६ पासून सुमारे पावणेतीन वर्षे वेढा देऊन ओमानच्या अरबांनी किल्ला जिंकला. इंग्रजांनी १८९५ मध्ये तेथे तुरुंग केला. १९५८ मध्ये तुरुंग हलवून किल्ल्याला संरक्षित स्मारक ठरविण्यात आले, १९६२ मध्ये संग्रहालय उघडले, आणि २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याची नोंद झाली.

ज्या भिंतींआड कैदी कोंडले जात, तेथे आज शाळेची मुले इतिहास शिकतात. पालकहो, मुलाला इल्म देताना त्याचा स्वाभिमानही जपा. गोव्यात यूसुफला शिक्षण मिळाले; सन्मान मात्र मिळाला नाही. त्याची किंमत दोन्ही बाजूंनी रक्ताने चुकवली.