मनिऑर्डरवर तगलेली शेती

सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा कृषी-इतिहास बहुधा कृष्णाकाठच्या उसावरून आणि सहकारी साखर कारखान्यांवरून लिहिला जातो; परंतु माण, खटाव, आटपाडी, खानापूर, जत या पूर्वेकडील तालुक्यांतील कुटुंबांचा जमाखर्च त्या चौकटीत बसत नाही. महाबळेश्वरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळत असताना पर्जन्यछायेतील माणदेशाच्या वाट्याला पाचशेच्या आसपासच येतो, आणि तोही बेभरवशाचा. बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा यांवर घरची चूल चाले व बलुतेदारांचे देणे खळ्यावर धान्यातच भागे. मात्र रयतवारीत, म्हणजे सरकारने मध्यस्थाविना थेट खातेदाराकडून सारा घेण्याच्या पद्धतीत, तो रोख भरावा लागे, आणि रोकड हाती नसली की सावकाराचे दार गाठावे लागे. 1875 च्या पुणे-नगरकडील सावकारविरोधी दंग्यांनंतर झालेला 1879 चा दख्खन शेतकरी कायदा साताऱ्यालाही लागू होता. त्याने न्यायालयाला कर्जरोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, तरी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेऊन जमीन परत करण्याचे केवळ तोंडी वचन देण्याची पळवाट सावकारांनी लवकरच काढली.

रोकड उभी करण्याचा घरचा मार्ग म्हणजे जनावर. खिलार खोंड लहानपणी घेऊन, जोपासून, खरसुंडी किंवा पुसेगावच्या यात्रेतील बाजारात विकणे हीच अनेकांची बचत होती, जी दुष्काळात चाऱ्याअभावी मातीमोल होई. दुसरा मार्ग मुंबईचा. एक भाऊ गिरणीत, दुसरा औतामागे, अशी विभागणी रूढ झाली. गिरणगावात एकाच गावचे लोक भाडे वाटून घेत ज्या सामायिक खोलीत राहत, तो गावकीचा गाळा, आणि तिथून येणाऱ्या मनिऑर्डरीतून सारा, लग्ने, विहिरी व बैल उभे राहत. त्या काळात शेत बहुतांशी बायकांनी राखले, तरी सातबाऱ्यावर नाव मात्र पुरुषांचेच राहिले. अधिकृत कागदपत्रांवर विसंबणाऱ्या अभ्यासकांची इथे हमखास फसगत होते.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने ही आवक आटवली आणि परतलेल्या कामगारांचा भार पुन्हा त्याच जिरायत तुकड्यांवर आला. खानापूर-आटपाडीकडची घरे तुलनेने सावरली, कारण तेथील तरुण सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, म्हणजे गलाईच्या, व्यवसायात देशभर पसरले होते. विटा परिसरातील कित्येक गावांत आजही घर चालते ते परराज्यांतील गलाई दुकानांवर.