दारावरचा प्रश्न

परप्रांतातील मराठी मंडळांनी गणेशोत्सव आणि नाटके यांच्या जोडीने बालवाडी, वधूवर-सूचना, आजारपणातील मदत अशी कुटुंबसेवाही आरंभिली. तिचे दार सर्वांस उघडे आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु दार उघडे असणे आणि संकोचलेल्या माणसाला आत यावेसे वाटणे, यांत अंतर असते. ते अंतर पूर्वसूरींनी कसे ओलांडले, याचे स्मरण सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी आम्हांस उचित वाटते.

१८५६ च्या कायद्याने विधवांच्या पुनर्विवाहास मुभा दिली. समाजाने दिली नाही. अशा विधवेला दिवस गेले, तर भ्रूणहत्या किंवा आत्महत्या याच वाटा तिच्यापुढे उरत. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे आईनेच ठरवावे, अशी सोय त्यांनी जाहिराती लावून कळविली. घर माळी दांपत्याचे, आसरा मिळाला तो ब्राह्मण विधवांनाही. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रुग्णसेवा करतानाच सावित्रीबाईंनी देह ठेवला.

पंढरपुरात १८७५ साली असाच आश्रम उभा राहिला. त्यात पुढाकार होता लालशंकर उमियाशंकर या न्यायखात्यातील गुजराती अधिकाऱ्याचा. पुढे मुंबईच्या प्रार्थनासमाजाने तो सांभाळला. बदलीचे गाव म्हणजे दिवस काढण्याचे ठिकाण, असे मानणाऱ्या आम्हां सरकारी नोकरांना हे उदाहरण अंतर्मुख करणारे आहे. १९०८ साली मुंबईत सेवासदन निघाले, तेव्हा पारशी बेहरामजी मलबारी व सिंधी दयाराम गिदुमल यांच्याबरोबर रमाबाई रानडे अध्यक्षस्थानी होत्या. महाराष्ट्रातील कुटुंबसेवेची उभारणी अशी अनेक भाषिकांच्या हातून झाली आहे.

या संस्थांचे मोठेपण केवळ दयाबुद्धीत नव्हते. येणाऱ्याला लाज वाटेल असा प्रश्न दारातच विचारायचा नाही, ही त्यांची खरी शिस्त होती. आपल्या मंडळांनी हीच कसोटी स्वतःस लावावी. अर्जावर केवळ पतीच्या नावाची ओळ असेल, तर विधवा वा वेगळी राहणारी भगिनी तो भरताना थबकेल. वर्गणी थकलेल्याची नावे फलकावर लागली, तर गरजू कुटुंब मदत मागावयास येणारच नाही. शेजारच्या अन्यभाषी मजुराचे मूल बालवाडीच्या दाराशी रेंगाळत असेल, तर त्यालाही हाताला धरून आत घ्यावे. ज्या भूमीने आपल्याला आसरा दिला, तिचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस दिसत नाही.